अज्ञात इसमाचा जबाब

३ फेब्रुवारी, संध्याकाळी ६.१५

आजपासून रोजनिशी. निवृत्त होऊन तीन महिने झाले, आता हयगय नको. नियम एकच. इथे फक्त खरं लिहायचं. बाहेर माणसाला थोडं इकडचं तिकडे करावं लागतं, स्वतःच्या वहीत कशाला?

वही घेऊन परत येताना पाण्याच्या टाकीजवळच्या चौकात एका परदेशी बाईंनी थांबवलं. पन्नाशी उलटलेली, पाठीवर पिशवी, उन्हाने चेहऱ्याचा टोमॅटो झालेला. आपली भाषा बोलत होत्या आणि तीही पुस्तकातली. परदेशी नागरिक नोंदणी कार्यालय कोठे आहे हे आपण सांगू शकाल काय, असं विचारलं. 'शकाल काय' ऐकून मन भरून आलं. आपली पोरं असं बोलत नाहीत.

आता कार्यालय कुठे आहे ते मला नक्की ठाऊक नव्हतं. पण चौतीस वर्षं पाणीपुरवठा कार्यालयाच्या जावक विभागात काढली आहेत. शहरातल्या एकूण एक कार्यालयाला माझ्या हातून पत्रं गेली. असा माणूस भर चौकात परक्या बाईला 'माहीत नाही' म्हणणार? बरं दिसतं का ते? टाकीवरून डावीकडे, पुढे दवाखाना, दवाखान्याला वळसा, की समोरच पिवळी इमारत, असं ठणकावून सांगितलं. वहीचं शेवटचं पान फाडून नकाशाही काढून दिला. बाईंनी तीनदा आभार मानले आणि घड्याळ बघत निघाल्या. घाईत दिसल्या.

छान वाटलं. असेलच तिथे इमारत. सरकारी इमारती पिवळ्याच असतात.

४ फेब्रुवारी

सकाळी फिरायला जाताना दवाखान्याला वळसा घातला. सहजच. पिवळी इमारत नाही. भिंत आहे. भिंतीपलीकडे भंगाराचं गोदाम.

पेपरवाल्याला आडून विचारलं. नोंदणी कार्यालय दोन वर्षांपूर्वी पुलापलीकडे गेलं म्हणे. म्हणजे चूक माझी नाही, कार्यालयाची. हलताना लोकांना कळवायला नको? आमच्या विभागाने साधं टेबल हलवलं तरी परिपत्रक काढायचो. शिवाय एवढं माणसांनी खच्चून भरलेलं शहर, पावलापावलाला माणूस, कोणीतरी पुढे नीट सांगितलं असेलच. विषय संपला.

५ फेब्रुवारी

विषय संपला आहे. तरी दुपारची झोप लागली नाही.

६ फेब्रुवारी, दुपारी ४

वरची खोली भाड्याने गेली. भाची बहिऱ्या मुलांच्या शाळेत शिकवते, तिथे परदेशातून कोणी मॅडम आल्या आहेत, त्यांच्यासाठी. बायकोने परस्पर ठरवलं. मला महिन्यापूर्वी विचारलं होतं म्हणे. मी हो म्हणालो होतो म्हणे.

दोन वाजता बेल वाजली. खिडकीतून पाहिलं तर त्याच. तीच पिशवी, तोच टोमॅटो. तडक न्हाणीघर गाठलं. बायकोने तीन हाका मारल्या, पोट बिघडलंय म्हणालो. चाळीस मिनिटं आत बसून विचार केला आणि एक धडाडीचा निर्णय घेतला. मिशी उतरवली. एकतीस वर्षांची मिशी, तीन मिनिटांत साफ.

बाहेर आलो तर बायको बघतच राहिली. म्हटलं, उकडतं फार. म्हणाली, फेब्रुवारीत? म्हटलं, पुढची तयारी.

मॅडमशी ओळख करून दिली. मी आवाज थोडा बसका काढला, खबरदारी म्हणून. मॅडमनी माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं आणि हसल्या. परदेशी लोक उगीचच हसतात. ओळखलं नाही, शंभर टक्के.

७ फेब्रुवारी, सकाळी ११

चहाच्या वेळी मॅडमनी बायकोला सगळी हकिगत सांगितली. मी पेपरामागे होतो.

आल्यापासून चौदा दिवसांत नोंदणी करावी लागते. तेरा दिवस शाळेचे सही-शिक्के गोळा करण्यात गेले. चौदावा दिवस म्हणजे तीन तारीख. कार्यालय पाचला बंद. मिशीवाल्या एका गृहस्थांनी फार प्रेमाने नकाशा काढून दिला आणि त्या भंगाराच्या गोदामात पोचल्या. तिथून पुढे सहा जणांना विचारलं. सहाही जणांनी न अडखळता रस्ता सांगितला. सहा वेगवेगळे. एक जण तर बसमध्ये बसवून द्यायला आला, चुकीच्या बसमध्ये, आणि बस दिसेनाशी होईपर्यंत हात हलवत उभा राहिला. पुलापलीकडे पोचेपर्यंत पाच वाजून दहा मिनिटं झाली. शटर खाली.

दुसऱ्या दिवशी गेल्या तर खिडकीवाल्याने पासपोर्ट ठेवून घेतला. उशीर का झाला याची चौकशी होणार, तोवर पासपोर्ट मिळणार नाही. चौकशी किती दिवस चालते? लागतील तेवढे दिवस.

इथपर्यंत एक वेळ ठीक. पण चोवीस तारखेचं विमानाचं तिकीट काढलेलं आहे. मुलगी पहिलटकरीण. डॉक्टरांनी महिनाअखेर सांगितलंय. जावई जहाजावर. तिच्याजवळ दुसरं कोणी नाही.

बायकोने कप खाली ठेवला. म्हणाली, पोरीचं पहिलं बाळंतपण आणि आई इथे अडकून पडलेली. कोण तो मेला मिशीवाला, त्याच्या जिभेला काही हाड? ठाऊक नव्हतं तर गप्प बसायचं होतं, नकाशे कसले काढतोय? मग माझ्याकडे वळली आणि म्हणाली, तुम्ही काही बोलत का नाही?

बोललो. म्हटलं, असल्या माणसांमुळेच आपल्या शहराचं नाव खराब होतं. बसक्या आवाजातच, पण ठासून. सहा जणांवरही घसरलो असतो, पण मॅडम माझ्याकडे बघत होत्या, म्हणून आवरलं.

हिशेब केला तर माझ्या वाट्याला एक सप्तमांश चूक येते. तरी चहा तसाच मोरीत ओतला.

८ फेब्रुवारी

मिशीच्या जागी पांढरा पट्टा उमटलाय. आरशात पाहून धसका बसला. गच्चीत दीड तास तोंड वर करून उन्हात बसलो. नाक भाजलं. पट्टा तसाच.

ठराव: मॅडमना खरं सांगून टाकायचं. सोमवारी. रविवारी कोणी जड बोलू नये.

९ फेब्रुवारी, सोमवार

आज सांगणारच होतो, पण बायकोने सकाळपासून मिठाच्या पाण्याच्या गुळण्या लावल्या आहेत. घसा बसलाय ना. दिवसातून चार वेळा, समोर उभी राहून. म्हणाली, खाई त्याला खवखवे. म्हटलं, मी बाहेरचं काही खाल्लेलं नाही.

गुळण्या करताना सुचलं. नुसतं सांगून काय उपयोग? सांगणं म्हणजे आपलं मन हलकं करणं, ते स्वार्थीपणाचं. त्यापेक्षा मदत करावी. ठराव बदलला. मॅडमना या शहरात असं तरबेज करून सोडायचं की पुन्हा कोणाला रस्ता विचारायची पाळीच येऊ नये.

१० फेब्रुवारी

पहिला धडा, रस्ता ओलांडणे. मॅडम शाळेसमोरचा रस्ता ओलांडायला रोज पंचवीस मिनिटं उभ्या राहतात असं भाचीने सांगितलं. गाड्या थांबायची वाट बघतात. मी समजावलं की इथे गाड्या थांबत नाहीत, आपण निघायचं असतं. हात पुढे धरायचा, ड्रायव्हरकडे बघायचं नाही आणि वेग बदलायचा नाही. बघितलंत की तुम्ही घाबरलात हे त्याला कळतं.

प्रात्यक्षिक दाखवायला पुढे झालो. एका टेम्पोवाल्याने नेमकं माझ्याकडे पाहिलं. मी मधल्या दुभाजकावर अडकलो. मॅडम हात पुढे धरून शांतपणे पलीकडे गेल्या, मागे वळून पाहिलं, परत आल्या, आणि मला दंडाला धरून नेलं.

शिष्य तयार झाला की गुरूला समाधान असतं.

११ फेब्रुवारी

दुसरा धडा, बस. मॅडम रांगेत शेवटी उभ्या राहतात. मागून कोणी आलं की त्याला जागा देतात. त्यामुळे कायम शेवटीच. आतापर्यंत नऊ बस सोडल्या आहेत. मी कोपराचा उपयोग सांगितला. त्यांनी लगेच करून दाखवला. बरगडी दुखतेय.

बसमध्ये शेजारच्या बाईने त्यांना वय, पगार, नवरा कुठे, मुलं किती आणि एकच का, हे सगळं पहिल्या दोन थांब्यांत विचारून घेतलं. एका कुटुंबाने आपलं तान्हं बाळ त्यांच्या मांडीवर ठेवून फोटो काढला. त्या बाळाकडे बघत राहिल्या. फोटो काढून झाला तरी बाळ परत देईनात. मी खिडकीबाहेर बघितलं.

परतल्यावर बायकोला त्यांनी आपली वही दाखवली. डाव्या बाजूला लोक काय म्हणाले, उजव्या बाजूला काय झालं. वायरमन म्हणाला निघालोच, उजवीकडे लिहिलंय की फोनमध्ये त्याच्या अंघोळीचा आवाज येत होता. शिंपी म्हणाला उद्या. उजवीकडे पाच तारखा. आल्यापासून रस्ता विचारला एकसष्ट जणांना. 'माहीत नाही' म्हणाले किती? एकही नाही.

मी म्हटलं, हा आपला चांगुलपणा आहे. दारी आलेल्याला नाही म्हणणं उद्धटपणाचं. मॅडम म्हणाल्या की चांगुलपणा आहे हे त्यांना मान्य आहे, फक्त तो कोणाला चांगलं वाटावं म्हणून असतो एवढं समजत नाही. रागाने नाही, अभ्यासू स्वरात विचारलं. बायको म्हणाली, ह्यांना विचारा, ह्यांना सगळं ठाऊक असतं.

१२ फेब्रुवारी

मूळ प्रश्नालाच हात घातला. स्वतः नोंदणी कार्यालयात गेलो. चौतीस वर्षांचा अनुभव आहे, फाइल कुठे तुंबते ते मला वासाने कळतं. निघताना पूल नेमका कुठला ते चार जणांना विचारावं लागलं. दोघांनी चुकीचं सांगितलं. काय लोक असतात.

खिडकीवाला माझ्यासारखाच निघाला. कान कोरत होता, पण कामाला चोख. मॅडमची फाइल तोंडपाठ. म्हणाला, यात अडलंय काय, एक कागद हवाय. उशिराचं कारण 'स्थानिक व्यक्तीने चुकीचा रस्ता दाखवला' असं लिहिलंय, तर त्या व्यक्तीचा जबाब आणा. नाव, पत्ता, सही. एक पान. साहेब त्याच दिवशी उशीर माफ करतात आणि पासपोर्ट हातात.

विचारलं, अज्ञात व्यक्ती असेल तर? म्हणाला, अज्ञात व्यक्तीला सही करता येते का?

नियमाला धरून बोलला. मीही हेच बोललो असतो.

विचारलं, जबाब देणाऱ्याला काही होतं का? म्हणाला, काही नाही हो, फक्त लिहायचं की मला ठाऊक नव्हतं.

१३ फेब्रुवारी

एक पान. काय मोठंसं? उद्या लिहितो.

१४ फेब्रुवारी, सकाळी

लिहिलं. 'दिनांक ३ रोजी सदर परदेशी महिलेस मार्गदर्शन करण्यात आले. तथापि कार्यालयाचे स्थलांतर झाल्याची बाब निदर्शनास आणून देण्यात आलेली नसल्याने सदर मार्गदर्शन काही अंशी अपूर्ण ठरले.' वाचून पाहिलं. उत्तम भाषा. पण यात कोणी काय केलं तेच कळत नाही. जावक विभागात याला कौशल्य म्हणतात. खिडकीवाला मात्र हसेल.

फाडलं.

१५ फेब्रुवारी

दुसरा मार्ग सापडला. त्या दिवशी मॅडम आजारी होत्या असं सर्टिफिकेट. आमचे डॉक्टर जुने आहेत, त्यांना गळ घातली. ते तयार, फक्त म्हणाले आजार कोणता लिहू? मॅडमना विचारलं तर म्हणाल्या, मी आजारी नव्हते, मी भंगाराच्या गोदामात होते.

काही लोकांना मदत करणं फार अवघड असतं.

१६ फेब्रुवारी

ऑफिसातला जुना मित्र भेटला. नोंदणी कार्यालयाचे साहेब त्याच्या खास ओळखीचे निघाले. म्हणाला, झालंच समज, परवा पासपोर्ट घरपोच येईल. छातीवरचा धोंडा उतरला. एवढ्याशासाठी मी जबाब बिबाब देणार होतो. घरी येऊन बायकोला म्हटलं, मॅडमचं काम मी करून टाकलंय. तिने माझ्याकडे पाहिलं आणि भाजी निवडत राहिली. मॅडम शेजारी बसून शेंगा सोलत होत्या. त्यांनी विचारलं, काम कोणी केलं? म्हटलं, ओळखीने होतं इथे सगळं.

१७ फेब्रुवारी

संध्याकाळी मॅडम शाळेतलं सांगत होत्या. या शहरात त्यांना रस्ता नीट दाखवला तो फक्त त्यांच्या शाळेतल्या मुलांनी. शब्दांनी सांगता येत नाही म्हणून हाताला धरून दारापर्यंत नेतात. आणि ठाऊक नसलं की दोन्ही हात उलटे करून दाखवतात, झालं. सहा वर्षांची मुलगी दाखवते. मॅडमनी हात उलटे करून दाखवले. बायकोनेही करून पाहिले. दोघी हसल्या.

मी उठून नळ बंद आहे का ते पाहून आलो. बंदच होता.

नंतर मॅडमना मुलीचा फोन आला. भाषा कळत नाही, पण आई दिवस भरत आलेल्या लेकीशी बोलते तो सूर कुठलाही असो, तोच असतो. शेवटी फोन ठेवून मॅडम जिन्यातच बसून राहिल्या. मी वर जाणार होतो, पायरीवरून परत फिरलो. मला लाज वाटली. हे लिहून ठेवतो. फक्त खरं लिहायचं ठरलं आहे.

१८ फेब्रुवारी

मित्राला फोन केला. उचलत नाही. सात वेळा केला. शेवटी त्याच्या मुलीने उचलून सांगितलं की बाबांचे ते साहेब चार वर्षांपूर्वीच बदलून गेले. मग सांगायचं तसं! ओळख नाही तर नाही म्हणावं माणसाने. उगीच समोरच्याला आशेला लावायचं, त्याचा वेळ घालवायचा, हे कसलं वागणं? संतापाने दोन फेऱ्या मारल्या. माणसाला साधं एक वाक्य बोलता येऊ नये?

हे लिहिल्यावर जरा वेळ पेन खाली ठेवलं.

१९ फेब्रुवारी

बायको सकाळी भाचीबरोबर कुठेशी गेली, दोनला आली. कुठे ते विचारलं तर म्हणाली, जरा पुलापलीकडे. मॅडम आज खुशीत दिसल्या. गुळण्या एकदम बंद झाल्या. मी बसका आवाज सुरूच ठेवला आहे.

२० फेब्रुवारी

मॅडमनी बॅग भरायला घेतली. पासपोर्टचा पत्ता नाही आणि बाई बॅग भरतायत. बाळाची झबली इस्त्री करून ठेवली आहेत, बायकोने शिवलेली. कसल्या भ्रमात आहेत बिचाऱ्या. माणूस वस्तुस्थितीकडे किती डोळेझाक करू शकतो.

बघवेना. जेवताना बायको म्हणाली, कोणाला काही सांगायचं असेल तर अजून चार दिवस आहेत. कोणाला म्हणाली कोण जाणे. भाची पण होती पंगतीला.

२१ फेब्रुवारी, दुपारी

झालं. जबाब दिला.

सविस्तर लिहिलं, या वेळी सरळ भाषेत. मी अमुक चौकात होतो, मला रस्ता ठाऊक नव्हता, तरी सांगितला, शिक्षा मॅडमना देऊ नये. कार्यालयाच्या दारापर्यंत गेलो. आत खिडकीवाला दिसला. तो मला ओळखतो, चहा पाजला होता त्याने. म्हणून बाहेरच्या टपालपेटीत टाकला आणि निघालो. सही केली नाही. पण मजकूर इतका प्रामाणिक आहे की सहीची गरजच भासू नये.

फार हलकं वाटतंय. घरी येताना बायकोसाठी गजरा... नाही, काही घेतलं नाही. तिला कारण सांगावं लागलं असतं.

२२ फेब्रुवारी, रविवार

हलकं वाटत नाही. निनावी पत्र आलं की आमच्या विभागात आम्ही काय करायचो ते आठवलं. त्याचे मागे कोरे असलेले कागद कच्च्या कामाला वापरायचो.

उद्या स्वतः जातो. सहीसकट. मग लोक काय म्हणायचं ते म्हणोत.

२३ फेब्रुवारी, दुपारी ३.३०

गेलो. न विचारता पोचलो, एकदाच चुकलो. सही केलेला कागद घडी घालून खिशात. खिडकीवाल्यासमोर उभा राहिलो आणि म्हटलं, मला एक जबाब द्यायचाय.

तो म्हणाला, आणखी एक?

त्याने ड्रॉवरमधून माझं परवाचं पत्र काढलं. म्हणाला, निनावी पत्रावर जावक क्रमांक टाकणारा माणूस मी पहिल्यांदा पाहिला, वर उजव्या कोपऱ्यात, तारखेसकट. मी खाली बघितलं. चौतीस वर्षांची सवय. हातून आपोआप पडतो तो आकडा.

मग म्हणाला, पण उगीच त्रास घेतलात, पासपोर्ट एकोणीसलाच दिला. तुमच्या मिसेस आल्या होत्या, त्यांनी जबाब दिला. वाचायचाय?

नको म्हणालो. त्याने वाचून दाखवला. 'तीन तारखेला चुकीचा रस्ता माझ्या नवऱ्याने सांगितला. त्यांना ठाऊक नव्हता. त्यांना बरंच काही ठाऊक नसतं. पण त्यांचं मन वाईट नाही. ते स्वतः येऊन सांगतील अशी आम्ही पंधरा दिवस वाट पाहिली, आता पोरीचे दिवस भरत आले म्हणून मी सही करते.'

साहेब म्हणे हसले आणि तिथल्या तिथे उशीर माफ केला. इतकं सरळ भाषेतलं काही त्या फाइलमध्ये याआधी आलंच नव्हतं.

'आम्ही' असं लिहिलंय. मी पुन्हा पुन्हा विचार करतोय, 'आम्ही'. म्हणजे दोघी. पहिल्या दिवसापासून. मी न्हाणीघरातून बाहेर आलो त्या क्षणापासून. म्हणजे ते गुळण्यांचं पाणी, ते खवखवे, ते 'ह्यांना विचारा'.

घरी आलो. बायको झबल्यांच्या नाड्या ओवत होती. कागद खिशातच होता.

ठराव: उद्या सकाळी टॅक्सी येण्याआधी मॅडमसमोर उभं राहून, खणखणीत आवाजात, दोन वाक्यं. मला ठाऊक नव्हतं. माझं चुकलं. तालीम केली, गच्चीत. उत्तम जमतं.

२४ फेब्रुवारी, सकाळी १०

टॅक्सी आठला येणार होती. मॅडम साडेसातलाच बॅग घेऊन खाली आल्या आणि दिवाणखान्यात माझ्यासमोर बसल्या. बायको आत गेली, मुद्दामच. अर्धा तास होता. मॅडम हातांत हात धरून माझ्याकडे बघत होत्या, घाई नाही, काही नाही.

मी म्हणालो, आज हवा बरी आहे. त्या म्हणाल्या, होय. मी म्हणालो, विमानात खिडकीची जागा मिळाली का? म्हणाल्या, मिळाली. मी खाकरलो. घसा खरोखरच बसला होता. मग म्हटलं, तिकडे पोचायला किती तास लागतात? त्यांनी सांगितलं. मग टॅक्सीचा हॉर्न.

मीच बॅग उचलली. डिकीत ठेवली. मॅडम दाराला हात लावून उभ्या राहिल्या. आत बसल्या नाहीत. आता बोलायचं, असं मनाशी म्हटलं. तेवढ्यात टॅक्सीवाल्याने मला विचारलं, काका, पुलावर काम चाललंय म्हणतात, विमानतळाला कुठून काढू?

आणि मी सांगितलं. उजवीकडे घ्या, टाकीला वळसा घाला, मागच्या रस्त्याने बाहेर पडा, दहा मिनिटं वाचतील. हातवारे करून सांगितलं. सांगून झाल्यावर माझ्याच लक्षात आलं की मागचा रस्ता बाहेर पडतो की नाही मला ठाऊक नाही. बायकोने डोळे मिटले.

मॅडम आत बसल्या. काच खाली केली. पुढे वाकून टॅक्सीवाल्याला पुस्तकी भाषेत म्हणाल्या, कृपया सरळ चलावे, मला मार्ग ज्ञात आहे. मग माझा हात हातात घेऊन दाबला आणि सोडला.

टॅक्सी सरळ गेली. मी कोपऱ्यापर्यंत मागे चालत गेलो, का ते कळत नाही.

२५ फेब्रुवारी

मागच्या रस्त्याने जाऊन पाहिलं. बंद आहे. खणून ठेवलाय.

२७ फेब्रुवारी, संध्याकाळी ७

मॅडमचा फोन आला. मुलगी झाली. आई वेळेत पोचली, कळा सुरू व्हायच्या आधी नऊ तास. सगळं सुखरूप. बायको फोनवर रडली, हसली, बाळाचं वजन तीनदा विचारलं, अंगावर पितंय का विचारलं. मग फोन माझ्या हातात दिला आणि समोरच उभी राहिली.

सही केलेला कागद मी खिशातून काढून समोर धरला होता. नुसतं वाचायचं होतं. अभिनंदन म्हणालो. त्यांनी आभार मानले. मग थोडं थांबून त्यांनी विचारलं, फार सावकाश, फार मायेने, की तीन तारखेला त्यांना रस्ता दाखवणारे ते गृहस्थ कोण होते, ते आपणास कधी समजले काय?

दार उघडून देऊन बाजूला उभं राहावं तसं विचारलं त्यांनी. बायकोने माझ्या हातातल्या कागदावर बोट ठेवलं.

मी म्हणालो, नाही बुवा. मला माहीत नाही.

साठ वर्षांत हे शब्द पहिल्यांदा तोंडातून निघाले. अगदी स्पष्ट निघाले, बसक्या आवाजात नाही.

मग मॅडम हसायला लागल्या. हसता हसता त्यांनी कोणालातरी त्यांच्या भाषेत काहीतरी सांगितलं, आणि एक तरुण आवाज दमल्यासारखा हसला. मागे बाळ रडत होतं. मग फोन कटला.

बायकोने माझ्या हातातून फोन घेतला, जागेवर ठेवला. कागदही घेतला, घडी घालून आपल्या कपाटात ठेवला. मला वाटलं आता बोलेल. म्हणाली, हात धुवा, पानं घेतलीत.

जेवलो. नेहमीएवढंच जेवलो.